पट्ट्यांचे सनबॉनेट: माप घेण्यापासून खळ करण्यापर्यंत

एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण अमेरिकेत शेतात, परसबागेत आणि बैलगाड्यांच्या तांड्यांबरोबर पायी चालणाऱ्या स्त्रिया व मुली उन्हापासून चेहरा आणि मान वाचवण्यासाठी जे सुती शिरस्त्राण घालत, ते सनबॉनेट. त्याचे तीन भाग असतात: चेहऱ्याच्या पुढे बोगद्यासारखा आलेला ताठ भाग, केसांवर सैल बसणारा चुणीदार टोप आणि मानेवरून खांद्यापर्यंत उतरणारा पडदा. पुढच्या भागाला या लेखात आपण छज्जा म्हणू, कारण खिडकीवरच्या छज्जाचे जे काम तेच त्याचे. हनुवटीखाली बांधायचे दोन बंद जोडले की बॉनेट पूर्ण होते.

छज्जा ताठ ठेवण्याच्या रूढ पद्धती तीन होत्या. पहिल्या पद्धतीत दोन पदरांच्या मध्ये दोरा भरून रांगोळीच्या रेघांसारख्या समांतर टिपा घालत आणि वरून खळ करत. दुसऱ्या पद्धतीत दोन पदरांमध्ये पातळ कापूस घालून गोधडीसारखे शिवत. तिसऱ्या पद्धतीत छज्जाला समोरून मागे जाणारे अरुंद कप्पे शिवून त्यांत पुठ्ठ्याच्या किंवा पातळ लाकडाच्या पट्ट्या सरकवत. हा लेख मुख्यतः तिसऱ्या पद्धतीचा आहे. पट्ट्या काढल्या की बॉनेट रुमालासारखे धुता येते, इस्त्री सपाट फिरते, पट्टी मोडली तर तेवढीच बदलता येते, आणि नवशिक्या हातालाही हे काम जमते. दोऱ्याच्या बॉनेटविषयी शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे, कारण लहान मुलांसाठी तेच अधिक योग्य.

शिवायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. सनबॉनेट हे कामाचे साधन आहे आणि त्याचे प्रत्येक माप कामातून आलेले आहे. हौसेने शिवलेली बहुतेक बॉनेटे येथेच फसतात. छज्जा चार बोटांवर थांबतो, पडदा झालरीइतका आखूड होतो, बंद रेशमी फितीचे लागतात, आणि छायाचित्रापुरती शोभा साधून दुपारी एकच्या उन्हात ते बॉनेट निरुपयोगी ठरते. छज्जाची खोली आणि पडद्याची लांबी या दोन मापांत काटकसर करू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ साधते.

रूप असे का?

१८४० ते १८६० या काळात सुमारे ३,२०० किलोमीटरच्या ओरेगन वाटेने पश्चिमेकडे गेलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना कित्येक महिने सावलीविना प्रवास करावा लागे. वाटेत झाडे विरळ, वारा सतत आणि धूळ अखंड. काठाची टोपी अशा वाऱ्यात उडते. हनुवटीखाली आणि मानेमागे बांधलेले बॉनेट उडत नाही. पडदा मानेवरचे ऊन अडवतो आणि वाऱ्याने हलत असल्यामुळे घामही साचू देत नाही. टोप एकपदरी आणि भरपूर चुण्यांचा असतो तो अंबाड्याला जागा मिळावी आणि डोक्यावर हवा खेळावी म्हणून. आपल्याकडच्या तान्ह्या मुलांच्या कुंचीलाही पाठीवर रुळणारा असाच भाग असतो, पण कुंची प्रामुख्याने वाऱ्याथंडीपासून वाचवते आणि तिला पुढे छज्जा नसतो.

या वस्त्रामागे आरोग्याइतकाच प्रतिष्ठेचा विचार होता, हेही नोंदवले पाहिजे. गोऱ्या स्त्रियांनी कातडी उन्हाने रापू देऊ नये, असा त्या समाजाचा दंडक होता. रापलेला चेहरा हा कष्टकरी वर्गाची खूण समजला जाई आणि त्यात वर्णभेदही उघडपणे मिसळलेला होता. मुलींना लहानपणापासून बॉनेट काढू नकोस म्हणून बजावले जाई. मुली मात्र आई दिसेनाशी झाली की गाठ सैल करून ते पाठीवर लोंबते सोडत, आणि त्यांचे फारसे चुकत नसावे, कारण खोल छज्जात बाजूचे काहीच दिसत नाही आणि कानांवरून कापड गेल्यामुळे ऐकूही कमी येते.

कापड बहुतेक वेळा छापील कॅलिको, चौकड्यांचे गिंगम किंवा साधे शॅम्ब्रे असे. १८२३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये, पुढे लोवेल म्हणून प्रसिद्ध झालेल्या ठिकाणी, मेरिमॅक कंपनीच्या गिरणीने कापड काढायला सुरुवात केली आणि पुढच्या काही दशकांत छापील सुती कापड सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्यात आले. त्या गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेतील गुलामांच्या श्रमातून येई. १९३० च्या दशकातील मंदीत पिठाच्या आणि पशुखाद्याच्या छापील पोत्यांपासूनही कपडे व बॉनेटे शिवली गेली, आणि त्या काळात सरकारी छायाचित्रकारांनी टिपलेल्या शेतमजुरांच्या चित्रांत सनबॉनेट घातलेल्या स्त्रिया वारंवार दिसतात. इंग्लंडमध्येही शेतमजूर स्त्रिया अशीच सुती बॉनेटे वापरत. तेथील शहरी बायकांनी तर १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेताच्या कमानींवर रेशीम ताणलेला एक घडीचा पडदा नेहमीच्या बॉनेटच्या पुढे लावायला सुरुवात केली होती. त्याला लोकांनी सरळ ‘अग्ली’ म्हणजे कुरूप असेच नाव दिले होते.

कापड आणि इतर साहित्य

दाट विणीचे, मध्यम वजनाचे सुती कापड घ्यावे. दुकानातच एक पदर उजेडापुढे धरून पाहावा. विणीतून ठिपक्यांसारखा उजेड दिसत असेल तर ते कापड टोपाला चालेल, छज्जाला नाही. पॉपलीन, केंब्रिक, दाट मांजरपाट आणि गिरणीची सुती चौकडी ही सर्व योग्य आहेत. हातमागाची खादी सुंदर दिसते, पण तिची वीण बहुधा विरळ असते. मलमल वगळावी. पॉलिस्टर मिसळलेले कापड सुरकुतत नाही हे खरे, पण ते घाम शोषत नाही, आणि या वस्त्राचे निम्मे सुख घाम शोषण्यात आहे.

रंगाविषयी दोन विचार आहेत. गडद आणि दाट कापड अतिनील किरण अधिक अडवते, तर फिकट कापड कमी तापते. त्यावर सोपा तोडगा असा की छज्जाचा वरचा पदर फिकट ठेवावा आणि आतला, म्हणजे चेहऱ्याकडचा पदर गडद निळा किंवा हिरवा घ्यावा. जमिनीवरून उसळून आत आलेला उजेड गडद अस्तर पुन्हा डोळ्यांवर फेकत नाही. पांढऱ्या अस्तराचे बॉनेट घालून पांढुरक्या मुरमाड रानात उभे राहिल्यास हा फरक लगेच कळतो.

प्रौढ स्त्रीच्या एका बॉनेटला ११० सेंटिमीटर पन्ह्याचे सव्वा मीटर कापड पुरते. अस्तर वेगळ्या रंगाचे हवे असेल तर मुख्य कापड एक मीटर आणि अस्तराचे पाऊण मीटर घ्यावे. याशिवाय सुती रीळ, टाचण्या, खडू, अर्धा मीटर अरुंद सुती फीत, थोडी उरेब पट्टी (कापडातून तिरकी कापलेली पट्टी) आणि पट्ट्यांसाठी सुमारे एक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा लागतो. वहीचे मागचे कव्हर किंवा शर्टाच्या घडीत येणारा पुठ्ठा सरावापुरता चालतो, मात्र तो घामाने लवकर मऊ पडतो. कोकणात आणि गोव्यात, जेथे हवेतच ओल असते, तेथे बांबूच्या पातळ तासलेल्या कामट्या घेणे उत्तम. अमेरिकेतही पुठ्ठ्याबरोबर लाकडाच्या पातळ पट्ट्या वापरल्या जातच. कामटी घ्यायची असेल तर तिच्या कडा काचपेपरने घासून पूर्ण गुळगुळीत कराव्यात, कारण एक बारीक कूसही कापड फाडते.

कापड कापण्यापूर्वी ते गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. ही पायरी टाळली तर शिवल्यानंतरच्या पहिल्याच धुण्यात कप्पे आटतात आणि पट्ट्या परत आत जात नाहीत.

मापे

मापाची टेप एका कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवून ती डोक्याच्या टाळूवरून दुसऱ्या जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत न्यावी. केस नेहमी जसे बांधता तसेच बांधून माप घ्यावे. पुढची सर्व आकडेवारी ६० सेंटिमीटरच्या मापावर बेतली आहे. आपले माप ५६ किंवा ६४ आले तर कप्प्यांची संख्या एकने कमी किंवा जास्त करावी. कप्प्याची रुंदी बदलू नये.

छज्जाची तयार खोली २२ सेंटिमीटर ठेवली आहे. शेतकामाला, गच्चीवरच्या वाळवणाला आणि दिवसभराच्या पायपिटीला ही खोली योग्य आहे. केवळ बागेत पाणी घालण्यापुरते वापरायचे असेल तर १६ सेंटिमीटरपर्यंत उतरता येईल, त्याखाली नाही.

छज्जासाठी ६३ बाय २५ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापावे, एक वरचा आणि एक अस्तराचा. यात चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेले जास्तीचे कापड, धरलेली आहे.

टोप आणि पडदा मिळून एकच तुकडा असतो. कागदावर आधी त्याचा नमुना काढावा. आडवी रेघ ५६ सेंटिमीटरची मारावी. ही मानेची रेघ. तिच्या वर ३२ सेंटिमीटर उंचीचा टोप येतो: दोन्ही टोकांपासून सरळ वर ४ सेंटिमीटर जावे आणि तेथून २८ सेंटिमीटर त्रिज्येचा अर्धगोल काढून दोन्ही बाजू जोडाव्या. मानेच्या रेघेच्या खाली २६ सेंटिमीटरचा पडदा येतो आणि तो खाली पसरत जाऊन तळाशी ७६ सेंटिमीटर रुंद होतो. या आकृतीभोवती सर्वत्र दीड सेंटिमीटर माया द्यावी. आकृती घंटेसारखी दिसली म्हणजे ती बरोबर आली.

हा तुकडा ७९ सेंटिमीटर रुंद आणि ६१ सेंटिमीटर उंच भरतो, म्हणून ११० च्या पन्ह्यात त्याच्या शेजारी छज्जाचा एक तुकडा उभा बसतो आणि दुसरा खाली आडवा येतो. उरलेल्या कापडातून हनुवटीच्या बंदांसाठी ५५ बाय ५ सेंटिमीटरच्या दोन आणि मानेच्या नेफ्यासाठी, म्हणजे फीत ओवायच्या पोकळ पट्टीसाठी, ४३ बाय ४ सेंटिमीटरची एक पट्टी काढावी. छापाला वर-खाली दिशा असेल, उदाहरणार्थ देठासह फुले असतील, तर छज्जाचे दोन्ही तुकडे आडवेच कापावेत आणि त्यासाठी थोडे जास्त कापड घ्यावे.

छज्जा शिवणे

प्रथम अस्तराच्या तुकड्याची एक लांब कड, जी पुढे टोपाकडे येणार आहे ती, एक-एक सेंटिमीटरची दोनदा दुमडून टीप घालावी. पट्ट्या पुढे याच कडेतून आत-बाहेर करायच्या असल्यामुळे ती मोकळी राहणार आहे, म्हणून टिपेची दोन्ही टोके पक्की करावी.

आता वरचा तुकडा आणि अस्तर सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवावे. समोरची लांब कड आणि दोन आखूड कडा, अशा तीन बाजूंनी दीड सेंटिमीटरवर टीप घालावी. कोपऱ्यांवरची माया तिरकी कापून, तुकडा उलटवून, कोपरे बोथट काडीने बाहेर काढून इस्त्री करावी. समोरच्या आणि बाजूच्या कडांवर काठापासून अर्ध्या सेंटिमीटरवर आणखी एक टीप घातली म्हणजे कड बसते. मागच्या बाजूला वरचा पदर अस्तरापेक्षा दोन सेंटिमीटर बाहेर आलेला दिसेल. त्यातले दीड सेंटिमीटर माया म्हणून जातील आणि उरलेले अर्धे सेंटिमीटर जागा म्हणून राहील. ही जागा नसेल तर टोप जोडताना कप्प्यांची तोंडे शिवणीत अडकतात.

यानंतर कप्पे आखायचे. अस्तराच्या बाजूने खडूने दर चार सेंटिमीटरवर समोरपासून मागपर्यंत सरळ रेघ मारावी. ६० सेंटिमीटरमध्ये १५ कप्पे होतात आणि टिपा १४ लागतात. सुरुवात मधल्या कप्प्यापासून करून दोन्ही बाजूंना आळीपाळीने जावे, म्हणजे कापड एका दिशेला ओढले जात नाही. प्रत्येक टीप समोरच्या काठाच्या टिपेपासून सुरू करून अस्तराच्या मोकळ्या कडेवर संपवावी आणि तेथे तीनचार टाके उलटे घेऊन घट्ट करावी. पट्टी आत सरकवताना सर्वांत जास्त ताण येतो तो नेमका याच ठिकाणी.

सर्व टिपा झाल्या की एक पट्टी कापून पाहावी. लांबी २० सेंटिमीटर, रुंदी साडेतीन. ती बोटाने ढकलल्यावर थोडा अडथळा देत आत जायला हवी. अगदी सहज घसरत असेल तर ती कप्प्यात फिरते आणि छज्जा वेडावाकडा दिसतो; जोर लावावा लागत असेल तर दोन्ही बाजूंनी मिलिमीटरभर कमी करावे. बसलेल्या पट्टीवरूनच बाकीच्या कापाव्या आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्या किंचित अरुंद ठेवाव्या, कारण तेथे कडेची टीप थोडी जागा खाते. प्रत्येक पट्टीचे चारही कोपरे गोल करणे अत्यावश्यक आहे. चौकोनी कोपरा काही दिवसांतच कापड घासून बाहेर डोकावतो, आणि बॉनेट फाटण्याची सुरुवात तेथूनच होते.

पट्ट्या आता बाजूला ठेवून द्याव्या. बॉनेट पूर्ण झाल्यावरच त्या घालायच्या आहेत.

टोप आणि पडदा

मोठ्या तुकड्याच्या फक्त पडद्याच्या कडा, म्हणजे मानेच्या रेघेखालच्या दोन तिरक्या बाजू आणि तळ, पाऊण-पाऊण सेंटिमीटर दुमडून तुरपून घ्याव्या किंवा टीप घालावी. तळाची कड किंचित गोलाई घेत असेल तर दुमड ओली करून इस्त्रीने बसवावी.

नेफा चुण्या घालण्यापूर्वीच लावणे सोपे जाते. ४३ सेंटिमीटरच्या पट्टीच्या चारही कडा आत दुमडून ती तयार सुमारे ४० सेंटिमीटर लांब करावी आणि मानेच्या रेघेवर, आतल्या बाजूने, दोन्ही टोकांना सारखी जागा सोडून टाचावी. शिवण्यापूर्वी तुकड्याच्या बरोबर मध्यभागी, बाहेरच्या कापडावर, एकमेकांपासून दोन सेंटिमीटरवर दोन उभी काजे करून घ्यावी. मग पट्टी वर-खाली टीप घालून शिवावी. अरुंद फितीचे दोन सारखे तुकडे करून एकेक तुकडा नेफ्याच्या एकेका टोकातून आत घ्यावा, मधल्या काजातून बाहेर काढावा आणि नेफ्याची टोके फितीसकट शिवून बंद करावी. आता बाहेर आलेली दोन टोके ओढली की मान आवळते आणि मागे फुलाची गाठ मारता येते. सोडली की तुकडा पुन्हा सपाट होतो. या सोयीमुळे इस्त्रीचे काम निम्म्याने कमी होते, कारण कायमच्या चुण्यांत इस्त्रीचे टोक कधीच नीट पोचत नाही.

मग टोपाची गोल कड घ्यावी. मानेच्या रेघेपासून वर सहा सेंटिमीटर दोन्ही बाजूंना साधे सोडून बाकीच्या कडेवर काठापासून सात आणि बारा मिलिमीटरवर धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घालाव्या. एकाच ओळीवर चुण्या ओढल्या तर त्या एकीकडे गोळा होतात आणि टीप घालताना उलटतात. मशीनवर करायचे झाल्यास टाका सर्वांत लांब ठेवावा. गोलाई सुमारे ९६ सेंटिमीटर आहे आणि ती ६० सेंटिमीटरमध्ये बसवायची आहे. म्हणून छज्जाच्या वरच्या पदराचा आणि टोपाचा मध्य, तसेच मध्यापासून बाजूंच्या अर्ध्या खुणा, आधी टाचण्यांनी जुळवाव्या आणि मग दोरे ओढत चुण्या वाटाव्या. चुण्या टाळूवर थोड्या दाट आणि कानांकडे विरळ असाव्या. कानाजवळ चुण्यांचा गठ्ठा झाला तर आधीच कमी येणारे ऐकू आणखी कमी होते.

अस्तराची मोकळी कड पुढच्या बाजूला वळवून, फक्त वरचा पदर आणि टोप सुलटीला सुलट लावून दीड सेंटिमीटरवर टीप घालावी. चुण्यांची बाजू वर, डोळ्यांसमोर ठेवून सावकाश शिवावे आणि प्रत्येक चुणी सुईच्या टोकाने सरळ करत जावे. शिवण झाल्यावर माया एक सेंटिमीटरपर्यंत छाटून तिच्यावर उरेब पट्टी चढवावी आणि ती टोपाकडे वळवावी. ही शिवण थेट केसांवर घासते. ती उघडी ठेवली तर धागे सुटून केसांत अडकतात.

बंद

हनुवटीच्या बंदांच्या पट्ट्या उभ्या दुमडून, शिवून, उलटवून सुमारे दोन सेंटिमीटर रुंद कराव्या आणि छज्जाच्या खालच्या कोपऱ्याजवळ, आतून, टोपाच्या शिवणीलगत चौकोनी टीप घालून पक्क्या कराव्या. बंद सुतीच असावे. रेशमी किंवा नायलॉनची फीत घामाने घसरते आणि गाठ दर अर्ध्या तासाने सुटते.

मुलांच्या बॉनेटला मात्र बांधायचे बंद लावू नयेत. घसरगुंडीवर, झाडावर किंवा पाळण्यात बंद अडकून गळा आवळण्याचा धोका खरा आहे. त्याऐवजी हनुवटीखाली आखूड पट्टी घेऊन तिला वेल्क्रोचा तुकडा किंवा टिचबटण लावावे, म्हणजे ओढ बसताच ते आपोआप उघडते. बाळ झोपले की बॉनेट काढून ठेवावे.

पट्ट्या घालणे आणि बेतून पाहणे

छज्जा इस्त्री करून पट्ट्या एकेक करून मागच्या मोकळ्या कडेतून सरकवाव्या. सर्व पट्ट्या बसल्यावर प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी सैल कच्चा टाका घ्यावा. तो धुण्यापूर्वी उसवायचा असतो, म्हणून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घेतल्यास शोधावा लागत नाही.

बॉनेट घालून आरशापुढे बाजूने पाहावे. छज्जाची समोरची कड नाकाच्या टोकाच्या बरीच पुढे हवी आणि खालचे कोपरे जबड्याच्या खाली यायला हवेत. छज्जा डोळ्यांवर उतरत असेल तर त्याचे कारण जवळजवळ नेहमी मानेच्या फितीत असते. ती आवळली की टोप मागे ओढला जातो आणि छज्जा वर उठतो. तरीही उतरत असेल तर टोपाची उंची कमी पडली आहे असे समजावे; अंबाडा उंच बांधणाऱ्यांना ती दोनतीन सेंटिमीटर वाढवावी लागते. कप्प्यांच्या रेघांवर छज्जा कोनाकोनाने मोडलेला दिसतो तो दोष नव्हे. पट्ट्यांच्या बॉनेटची घडणच तशी असते.

वापरताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. बाजूचे दिसत नसल्यामुळे हे घालून रस्ता ओलांडणे, सायकल किंवा दुचाकी चालवणे आणि मळणीयंत्रासारख्या फिरत्या यंत्राजवळ काम करणे धोक्याचे आहे. तसेच बॉनेट वरून येणारे ऊन अडवते; वाळू, पाणी किंवा सिमेंटच्या गच्चीवरून उसळणारे ऊन ते पुरते अडवत नाही, आणि उष्माघातापासून तर मुळीच वाचवत नाही. पाणी आणि सावलीतली विश्रांती यांना पर्याय नाही.

मुलांसाठी: दोरा भरलेला छज्जा

चारपाच वर्षांपुढच्या मुलीसाठी पट्ट्यांचे बॉनेट करायला हरकत नाही. जबडा ते जबडा माप ४८ सेंटिमीटर आले असे धरल्यास छज्जाची खोली १५ ठेवावी आणि तीन-तीन सेंटिमीटरचे १६ कप्पे करावे. टोपाची मानेची रेघ ४६, टोपाची उंची २६, पडदा १६ आणि त्याची तळाची रुंदी ५८. शिवण्याची रीत तीच. अमेरिकेतील मराठी घरांत शाळेच्या ‘पायोनियर डे’साठी, म्हणजे मुले जुन्या वसाहतकऱ्यांचा वेश करून येतात त्या दिवसासाठी, असे बॉनेट लागते तेव्हा हे माप उपयोगी पडेल, मुलगी वर्गात ते दिवसभर घालणार असेल तर खोली दोन सेंटिमीटरने कमी करावी, म्हणजे तिला फळा दिसेल.

त्याहून लहान मुलांना पुठ्ठा टोचतो आणि ती तो ओढून चावतात. त्यांच्यासाठी छज्जाच्या दोन पदरांत सुमारे तीन मिलिमीटर जाडीची, आधी धुऊन आटवलेली सुती दोरी भरावी. येथे ओळी समोरच्या काठाला समांतर जातात. पहिली दोरी काठाच्या शिवणीत घट्ट दाबून बसवावी, तिच्यालगत टीप घालावी, दुसरी दोरी त्या टिपेला टेकवावी आणि याप्रमाणे मागे यावे. मशीनला एका बाजूचा झिपर फूट लावल्यास टीप दोरीच्या अगदी जवळ पडते. हाताने करणाऱ्यांनी बारीक धावदोरा घ्यावा. प्रत्येक दोरी थोडे कापड खाते. वीस ओळींना तीन ते चार सेंटिमीटर कापड असेच जाते, म्हणून छज्जाचे तुकडे पाच सेंटिमीटर जास्त खोल कापून दोऱ्या भरल्यावर मापात छाटावे. या छज्जाला अस्तराची कड मोकळी ठेवण्याची गरज नसते, दोन्ही पदर टोपाच्या शिवणीत घ्यावे.

धुणे, खळ आणि साठवण

पट्ट्यांचे बॉनेट धुण्यापूर्वी पट्ट्या काढून त्यांच्यावर पेन्सिलीने क्रमांक टाकावे, कारण वापराने प्रत्येक पट्टी आपापल्या कप्प्याचा आकार घेते. हाताने धुऊन, गडद कापड असल्यास उलटे करून, सावलीत वाळवावे.

खळ टोपाला नको. तिने हवा खेळणे थांबते आणि कपाळावर चिकटपणा येतो. पट्ट्यांच्या छज्जाला ती ऐच्छिक आहे, दोऱ्याच्या छज्जाला आवश्यक. तीन मोठे चमचे आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावे, एक लिटर उकळत्या पाण्यात ढवळत ओतावे, पारदर्शक झाले की उतरवून गाळावे. साबुदाण्याची खळ घरात होत असेल तर तीही उत्तम बसते. कोमट खळीत फक्त छज्जा बुडवून बोटांनी दोऱ्यांच्या ओळींतून ती चोळावी, जास्तीची पिळून काढावी आणि छज्जा पालथ्या पातेल्यावर हव्या त्या गोलाईत वाळत घालावा. पूर्ण वाळण्याआधी, ओलसर असतानाच, आतल्या बाजूने गरम इस्त्री फिरवावी. इस्त्री चिकटू लागली तर खळ दाट झाली आहे. पुढच्या वेळी चमचाभर पीठ कमी घ्यावे.

पावसाळ्यापूर्वी बॉनेट स्वच्छ धुऊन खळ पूर्णपणे काढून ठेवावे. खळीवर बुरशी चढते, झुरळेही ती कुरतडतात, आणि भोक नेमके छज्जावर पडते. पुठ्ठ्याच्या पट्ट्या वेगळ्या काढून दोन जड पुस्तकांमध्ये दाबून ठेवाव्या. बांबूच्या पट्ट्या एकदा उन्हात वाळवून कापडी पिशवीत ठेवल्या तरी पुरते. वाकलेली पुठ्ठ्याची पट्टी सरळ करण्याच्या फंदात पडू नये. दिवाळीनंतर बॉनेट बाहेर काढाल तेव्हा जुनी पट्टी नव्या पुठ्ठ्यावर ठेवून, पेन्सिलीने गिरवून, दुसरी कापावी.